सॉफ्टमोडेम

सॉफ्टमोडेम हा डायल-अप मोडेमचा, म्हणजे फोनलाइनवरून संगणक इंटरनेटला जोडणाऱ्या उपकरणाचा, एक प्रकार. यात मोडेमचे बरेचसे काम कार्डावरच्या चिपऐवजी संगणकाचा मुख्य प्रोसेसर ड्रायव्हरच्या, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मदतीने करतो. 'विनमोडेम' हे मूळचे यूएस रोबोटिक्सचे व्यापारी नाव, पण बोलण्यात ते अशा सगळ्याच मोडेमना चिकटले.

हार्डवेअर मोडेम स्वयंपूर्ण असतो. फोनलाइनवरच्या सिग्नलचे आकड्यांत रूपांतर, आकड्यांतून विदा वेगळी काढणे, चुका सुधारणे, विदा आकसून पाठवणे हे सारे त्याच्या आतच होते. संगणकाच्या लेखी तो केवळ एक सिरियल पोर्ट (एकेक बिट करून विदा ने-आण करण्याची जोडणी) असतो. हेज कंपनीच्या १९८१च्या स्मार्टमोडेमपासून रूढ झालेल्या, 'एटी'ने सुरू होणाऱ्या आज्ञा दिल्या, 'एटीडीटी'पुढे नंबर लिहिला, की तो डायल करू लागतो. समोरची ऑपरेटिंग सिस्टिम डॉस आहे की लिनक्स, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

सॉफ्टमोडेममध्येही दोन पायऱ्या आहेत. कंट्रोलरविरहित मोडेममध्ये सिग्नलचे गणित करणारा सिग्नल प्रोसेसर कार्डावर राहतो, फक्त आज्ञा आणि चूकदुरुस्तीचे काम संगणकाकडे जाते. दुसऱ्या प्रकारात सिग्नल प्रोसेसरचे कामही संगणकाकडे जाते. कार्डावर उरतात फोनलाइनची जोडणी आणि सिग्नल व आकडे यांचे रूपांतर करणारा कोडेक, म्हणजे जवळजवळ साउंड कार्डच. पीसीटेल कंपनीचे एचएसपी (होस्ट सिग्नल प्रोसेसिंग) मोडेम याच जातीचे.

पेंटियमच्या काळात प्रोसेसरकडे एवढी ताकद आली, म्हणून हे जमले. चिपा कमी झाल्याने कार्ड स्वस्त झाले; लॅपटॉपमध्ये तर ते बोटभर जागेत मावू लागले. व्ही.९०सारखे (१९९८) नवे मानक आले, तर नुसता ड्रायव्हर बदलूनही काही वेळा भागत असे. पण फोनलाइन थांबत नाही. जड प्रोग्रॅममुळे प्रोसेसर वेळेवर मोकळा झाला नाही, तर सिग्नलचे नमुने (क्षणाक्षणाला घेतलेली मापे) हुकतात, वेग घसरतो, कधी कॉलच तुटतो. कॉलचे पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला खोक्यावरचे '५६के' (सेकंदाला ५६ किलोबिट वेग) हार्डवेअर मोडेम आणि सॉफ्टमोडेम दोन्हींवर सारखेच दिसे, हा यातला खरा घोळ.

सर्वांत मोठी अडचण ड्रायव्हरची होती. अर्धा मोडेम सॉफ्टवेअरमध्येच असल्याने विंडोजबाहेर ते कार्ड बहुधा निकामी ठरे. लिनक्सवाल्यांनी 'लिनमोडेम' नावाखाली खटपट केली आणि ल्युसेंटच्या काही चिपांसाठी ड्रायव्हर मिळालेही. पण त्यांचा गाभा सोर्स कोडशिवाय, बंद स्वरूपात येई. लिनक्सचा मूळ भाग असलेला कर्नल बदलला की ड्रायव्हर पुन्हा जुळवत बसावे लागे. म्हणून लिनक्स वापरणाऱ्याला सिरियल पोर्टला लावायचा बाहेरचा मोडेम घेण्याचा सल्ला मिळे, महाग असला तरी.