विंडोज टाकताना एसएसडी दिसत नाही? बायोसला हात लावायच्या आधी हे वाचा

पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकायला घेतलं, सगळं नीट चाललं आणि कुठे इन्स्टॉल करायचं त्या स्क्रीनवर यादीच रिकामी. आमच्या दुकानात याचे फोन इतके येतात की शेवटी लिहूनच काढलं.

बहुतेक वेळा एसएसडी (लॅपटॉपची स्टोरेज ड्राइव्ह) गेलेली नसते, त्यामुळे लगेच नवीन घेऊ नका (आम्ही विकतो, तरी सांगतोय). आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये) तिचं नाव दिसतंय का बघा. तिथेही नसेल तर ड्रायव्हर (विंडोजला हार्डवेअर ओळखू देणारं सॉफ्टवेअर) शोधत बसण्यात अर्थ नाही, एकतर ती नीट बसलेली नाही, नाहीतर फक्त एनव्हीएमई प्रकारची एसएसडी चालणाऱ्या स्लॉटमध्ये साटा प्रकारची लावलीय, किंवा मग खरंच गेलीय. पण बायोसमध्ये दिसतेय आणि लॅपटॉप इंटेल ११व्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा आहे, तर पहिला संशय व्हीएमडीवर, म्हणजे इंटेलच्या स्टोरेज कंट्रोलरवर घ्यायचा. एसएसडी या कंट्रोलरच्या मागे असते आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या सेटअपमध्ये बऱ्याचदा नसतो.

उपाय सोपा आहे. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, एक्स्ट्रॅक्ट करून त्याच पेन ड्राइव्हवर टाका आणि सेटअपमध्ये लोड ड्रायव्हर करून तो फोल्डर दाखवा. झिप किंवा ईएक्सई तशीच टाकली तर सेटअपला काही सापडणार नाही, फोल्डरमध्ये आयएनएफ फाइल दिसली पाहिजे.

आता खरी डोकेदुखी. व्हिडिओ बघून लोक बायोसमध्ये व्हीएमडी बंद करतात. ड्राइव्ह दिसते, पण मग आठवतं की जुन्या विंडोजमध्ये फोटो, टॅली, प्रोजेक्ट सगळं आहे, म्हणून व्हीएमडी बंदच ठेवून परत ती जुनी विंडोज चालू करायला जातात तर निळी स्क्रीन, इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. कारण जुनी विंडोज व्हीएमडी चालू असताना टाकलेली असते. विंडोज करप्ट झाली असं समजून घाबरून फॉरमॅट मारतात आणि डेटा जातो, खरं तर सेटिंग होतं तसं केलं असतं तर बहुतेक वेळा विंडोज पहिल्यासारखी चालू झाली असती. त्यातून बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह लॉक करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते, दुसऱ्या मोबाईलवरून लॉगिन करून बघा. रिकव्हरी की नसेल तर तो डेटा आम्हीही काढून देऊ शकत नाही, कोणी देतो म्हणाला तर जरा जपून.

ड्राइव्ह पूर्ण कोरी असेल, काही वाचवायचं नसेल, तर व्हीएमडी बंद करून टाकली तरी चालतं. काही एसरमध्ये हा ऑप्शन लपलेला असतो, बायोसच्या मेन टॅबवर कंट्रोल आणि एस दाबल्यावर दिसतो. काही लॅपटॉपमध्ये तो मुळातच नसतो, तिथे ड्रायव्हरच लागतो.

आम्ही लॅपटॉप कामाला घेताना बायोसमध्ये काय काय बदललं आणि रिकव्हरी की आहे का हे विचारतो, बॅकअप हवा की नको हे लिहून सही घेतो. काहींना राग येतो, दहा मिनिटांच्या कामाला एवढं कशाला म्हणतात. पण काय बदललंय तेच माहीत नसेल तर दहा मिनिटांचं काम अर्ध्या दिवसावर जातं आणि चार्जही मग त्याच हिशोबाने लागतो. ड्रायव्हर घातलेला पेन ड्राइव्ह आमच्याकडे तयार असतो, मॉडेल नंबर आधी पाठवलात तर तुमच्या मॉडेलचा करून ठेवतो. येताना चार्जर आणा, बॅटरी संपत आलेली असताना आम्ही इन्स्टॉलला हात लावत नाही.