झिजलेल्या लेथची अचूकता परत कशी येते

जुन्या लेथच्या, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कातणाऱ्या यंत्राच्या, दुरुस्तीला हात घालणारा माणूस बहुधा गंज घासण्यापासून आणि रंग देण्यापासून सुरुवात करतो. गंज काढायलाच हवा. पण लेथची अचूकता बेड (यंत्राचा लांब पाया), कॅरेज (त्यावर सरकणारा, कातण्याचे टूल धरणारा भाग) आणि स्पिंडल (फिरणारा मुख्य दांडा) यांच्या परस्पर मांडणीत असते, आणि ती मोजल्याशिवाय एकही स्क्रू सैल करू नये, असे माझे ठाम मत आहे.

बहुतेक काम चकजवळ, म्हणजे स्पिंडलवरच्या पकडीजवळ, होत असल्याने कॅरेज बेडच्या त्याच भागावर वर्षानुवर्षे पुढेमागे सरकते आणि तेलात मिसळलेला बारीक किस तेथील बीड (ओतीव लोखंड) झिजवत राहतो. टेलस्टॉककडचा, म्हणजे चकच्या समोरच्या टोकाचा, भाग मात्र जवळजवळ नव्यासारखा राहतो. नुसत्या खालच्या दिशेच्या झिजेने फारसे बिघडत नाही. २० मिलिमीटर व्यासाचा जॉब (कातायचा तुकडा) कातताना टूलचे टोक ०.१ मिलिमीटर खाली गेले, तर व्यासात सुमारे ०.००१ मिलिमीटरचाच फरक पडतो. तेच टोक आडवे तेवढेच मागे सरले, तर व्यास ०.२ मिलिमीटरने वाढतो. खरी अडचण अशी की, कॅरेज ज्यांवर सरकते त्या बेडच्या पट्ट्यांपैकी कारागिराच्या बाजूची जास्त झिजली की कॅरेज त्या बाजूला कलते, टूल जॉबपासून दूर जाते आणि चकजवळचा भाग जाड उतरतो.

बेडला पीळ पडला असला तरी जॉब असाच निमुळता होऊ शकतो. म्हणून मीटरमागे ०.०२ मिलिमीटरचा उतार दाखवणारी लेव्हल बेडच्या न झिजलेल्या दोन्ही टोकांवर आडवी ठेवावी आणि पायांखालचे बोल्ट फिरवून आधी तो पीळ काढावा. कित्येकदा एवढ्यानेच निम्मा दोष जातो.

झीज खरीच असेल, तर बेड ग्राइंड करावा (यंत्राने घासावा) लागतो किंवा हाताने स्क्रेप करावा (खरवडावा) लागतो. तपासणीच्या सपाट पट्टीला प्रशियन ब्लू या निळ्या रंगाचा पातळ थर लावून ती बेडवर घासली की उंच ठिपक्यांना रंग लागतो, आणि तेवढेच ठिपके स्क्रेपरने काही मायक्रॉन खरवडायचे असतात. पण ती पट्टी तरी सपाट कशावरून? ब्रिटिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगो येथे मांडलेल्या निबंधात खरा सपाट पृष्ठभाग मिळवण्यासाठी तीन प्लेटा आलटून पालटून एकमेकींशी जुळवण्याची रीत सांगितली होती. दोनच प्लेटा असतील तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट असूनही त्या नेमक्या जुळतात. तिसरी आली की ही फसवणूक टिकत नाही.

बेड सरळ झाला की कॅरेजचा तळही त्याच्याशी जुळवून स्क्रेप करावा लागतो. एवढे बीड खरवडल्यावर कॅरेज खाली बसते आणि तिला सरकवणाऱ्या लांब आट्यांच्या दांड्याशी, लीडस्क्रूशी, तिची रेषा चुकते. त्यासाठी तळाला योग्य जाडीची प्लास्टिकची घर्षणरोधक पट्टी चिकटवून तिची उंची परत मिळवतात, आणि मग त्या पट्टीचेही शेवटचे स्क्रेपिंग करतात.