डब्लिन सेंट पॅट्रिक्स (मतदारसंघ)

ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्सचा आयर्लंडमधील एक माजी एकसदस्यीय मतदारसंघ. १८८५ साली डब्लिन शहराची चार मतदारसंघांत विभागणी झाली, तेव्हा तो अस्तित्वात आला. सेंट पॅट्रिक कॅथेड्रल आणि लिबर्टीज ही जुनी, दाट कामगारवस्ती त्यात होती.

पहिले प्रतिनिधी विल्यम मार्टिन मर्फी हे ट्राम व रेल्वे व्यवसायातील बडे उद्योगपती. आयर्लंडसाठी स्वराज्य मागणारा आयरिश पक्ष १८९० मध्ये त्याचे नेते चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांच्या नेतृत्वावरून फुटला. मर्फी पार्नेलविरोधी गटात गेले. डब्लिनकर मात्र पार्नेलच्या बाजूचे. १८९२ मध्ये पार्नेलवादी विल्यम फील्ड यांनी मर्फींना हरवले आणि पुढे सव्वीस वर्षे जागा राखली. पेशाने खाटीक असलेले फील्ड गुरांच्या व्यापाऱ्यांचे प्रश्न संसदेत सातत्याने मांडत.

मतदारसंघ इतिहासात गाजला तो १९१८ च्या निवडणुकीमुळे. मधल्या काळात, १९१३ मध्ये, मर्फींच्या पुढाकाराने डब्लिनच्या मालकांनी संघटित कामगारांना कामावरून बाहेर काढले होते. महिनोन्‌महिने चाललेल्या या टाळेबंदीत कामगार संघटनेच्या लिबर्टी हॉलमध्ये भुकेल्या कुटुंबांसाठी जेवण रांधणाऱ्यांत कॉन्स्टन्स मार्कीविच होत्या. १९१६ च्या ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या उठावात त्यांनी शस्त्र हाती घेतले. त्यांना झालेली फाशीची शिक्षा केवळ त्या स्त्री असल्याने जन्मठेपेवर आली.

१९१८ च्या नोव्हेंबरात स्त्रियांना संसदेसाठी उभे राहण्याची मुभा मिळाली. मार्कीविच यांचे नाव सिन फेन या आयरिश स्वातंत्र्यवादी पक्षाने जाहीर केले, तेव्हा त्या लंडनच्या हॉलोवे तुरुंगात होत्या. प्रचाराला येणे शक्यच नव्हते. तरी त्यांना ७,८३५ आणि फील्ड यांना ३,७५२ मते पडली. हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून आलेली ही पहिली स्त्री. ब्रिटिश संसदेत न बसण्याच्या सिन फेनच्या धोरणानुसार त्यांनी ती जागा घेतली नाही. म्हणून त्या सभागृहात प्रत्यक्ष बसणारी पहिली स्त्री ठरली नॅन्सी अॅस्टर, १९१९ च्या डिसेंबरात. मार्कीविच यांचे श्रेय त्याने उणे होत नाही.

२१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनमध्ये पहिली आयरिश संसद, डॉल, भरली. हजेरीत मार्कीविच यांच्या नावाला ‘परकीयांच्या कैदेत’ असे उत्तर आले. एप्रिलमध्ये त्या कामगार मंत्री झाल्या. १९२१ ची आयरिश निवडणूक नव्या बहुसदस्यीय मतदारसंघांतून झाली. मार्कीविच दक्षिण डब्लिनमधून बिनविरोध निवडून आल्या. सेंट पॅट्रिक्सची वेस्टमिन्स्टरमधील, म्हणजे ब्रिटिश संसदेतील, जागा १९२२ मध्ये रद्द झाली.