घेतलेलं काम आणि लावलेलं काम

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही वर्कशॉपला फोन लावा, उत्तर ठरलेलं: "तुमचं काम चालू आहे." ऑर्डर कालच आलेली असो, कास्टिंग, म्हणजे ओतीव तुकडा, अजून फाउंड्रीतच असो, नाहीतर जॉब खरोखर लेथच्या चकात, म्हणजे कातकामाच्या मशीनच्या पकडीत, फिरत असो, सगळंच 'चालू'. दहा-पंधरा पार्ट्या, म्हणजे गिऱ्हाइकं, सांभाळणाऱ्याचा घोटाळा या एका शब्दात आहे, आणि बेळगावात तो मी रोज ऐकतो.

घेतलेलं काम सगळ्यांना कळतं. शब्द दिला, नोंद झाली. नोंद वहीत करा, एक्सेलमध्ये करा, काही बिघडत नाही. फक्त यादी एकच हवी. निम्मी व्हॉट्सॲपवर आणि निम्मी मालकाच्या डोक्यात, असलं मला अजिबात चालत नाही.

लावलेलं काम म्हणजे ज्यावर मशीन आणि माणूस या घडीला अडकलाय ते. इथे मोठमोठे चुकतात. त्यांना वाटतं, सगळ्यांचं थोडं थोडं केलं की सगळे खूश. हिशोब करून बघा. एक लेथ, तीन पार्ट्या: कोल्हापूर, हुबळी आणि इथलीच एक. प्रत्येकीचं काम दोन दिवसांचं. सोमवारपासून एकामागोमाग एक केलं तर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी माल निघतो. रोज एकीचं आळीपाळीने केलं तर गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी. म्हणजे कोल्हापूरचे दोन दिवस गेले, हुबळीचा एक गेला, आणि तिसऱ्याला काहीच मिळालं नाही.

यात सेटिंग, म्हणजे प्रत्येक कामाआधी मशीन जुळवणं, धरलेलंच नाही. चकाचे जॉ बदला, टूल बसवा, टूलचं माप मशीनला द्या (ऑफसेट), पहिला पीस काढून मापं बघा. आमच्याकडे यात दीड-दोन तास जातात. तीन सेटिंगची सहा झाली की शनिवारही हातातून जातो.

गेल्या दिवाळीआधी आमच्या दोन लेथवर सात कामं अर्धवट होती. क्रेटवर खडूने पार्टीचं नाव, आत निम्मे पीस बोअर झालेले, म्हणजे आतलं भोक कातलेले, निम्मे कोरे. कुणाचं फेसिंग, म्हणजे तोंड सपाट करणं, झालंय हे ऑपरेटर एकेक पीस हातात घेऊन, नखाने कड चाचपून सांगत होता. ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही.

जॉन लिटल या अमेरिकन संशोधकांनी 1961 मध्ये याचं गणित सिद्ध केलं: सरासरी जितकी कामं उघडी, म्हणजे सुरू होऊन न संपलेली, भागिले दर आठवड्याला संपणारी कामं, तितके आठवडे एका कामाला लागतात. आठवड्याला दोन संपतात आणि सहा उघडी आहेत, तर तीन आठवडे. बारा उघडलीत तर सहा. मशीन तेच, माणसं तीच.

म्हणून आमच्या फळ्यावर आता प्रत्येक लेथला एकाच कामाचा एकच चौकोन आहे. कास्टिंग आलं, ड्रॉइंग पक्कं झालं, टूल हाताशी आहे, तरच काम त्यात जातं. मध्येच 'अर्जंट' म्हणून घुसवायचं असेल तर आधी कुणाची तारीख ढळणार ते ठरवायचं आणि त्या पार्टीला तेव्हाच फोन करायचा. 'अर्जंट'चा लाल शिक्का मी कपाटात टाकलाय. शेवटी शेवटी तो प्रत्येक कागदावर बसत होता.

पार्टीचा फोन आला की 'चालू आहे' म्हणत नाही. "घेतलंय, अजून लावलेलं नाही. गुरुवारी लावतो, शनिवारी चलन करून माल पाठवतो."