न फिरणारा चेंडू: जुनिन्योच्या फ्री किकमागचं विज्ञान

2003 च्या नोव्हेंबरमध्ये म्युनिकला बायर्न म्युनिक आणि ल्यों यांच्यात चॅम्पियन्स लीगचा सामना होता. सुरुवातीच्या काही मिनिटांतच ल्योंला फ्री किक मिळाली. गोलात उभा होता ऑलिव्हर कान, आदल्या वर्षीच्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू ठरलेला गोलरक्षक. कानने झेप घेतली, पण चेंडू जाळ्यात गेला आणि कान स्वतः गोलच्या खांबावर जाऊन आदळला. फ्री किक मारणारा होता ब्राझीलचा मिडफिल्डर जुनिन्यो पेर्नाम्बुकानो.

ब्राझीलच्या ईशान्येला पेर्नाम्बुको राज्यातल्या रेसिफे शहरात 1975 साली त्याचा जन्म झाला. स्पोर्ट रेसिफेकडून सुरुवात करून तो रिओच्या वास्को द गामा क्लबात गेला, तिथे 1998 ची कोपा लिबर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकली आणि 2001 मध्ये फ्रान्समधल्या ल्योंला आला. तोवर ल्योंच्या नावावर फ्रेंच लीगचं एकही विजेतेपद नव्हतं. 2002 ते 2008 अशी सलग सात विजेतेपदं त्यांनी मिळवली. आठ हंगामांत जुनिन्योने 100 गोल केले, त्यांतले 44 थेट फ्री किकवर. ब्राझीलच्या संघात मात्र रोनाल्डिन्यो आणि काका यांच्या गर्दीत त्याच्या वाट्याला जेमतेम 40 सामने आले. आपल्याकडे त्याचं नाव हवं तितकं पोचलं नाही ते त्यामुळेच, असं मला वाटतं.

फ्री किक म्हटली की समोर उभ्या राहिलेल्या प्रतिस्पर्धी खेळाडूंच्या भिंतीला वळसा घालून जाणारा चेंडू डोळ्यांसमोर येतो. त्याचा सर्वांत गाजलेला नमुना ब्राझीलच्याच रोबेर्तो कार्लोसने 3 जून 1997 ला फ्रान्सविरुद्ध दाखवला. तो सामना झाला होता ल्योंच्या जेर्लां मैदानावर, म्हणजे पुढे जुनिन्योचं घरचं मैदान झालं तिथेच. कार्लोसच्या त्या किकमागे मॅग्नस परिणाम होता. गिरक्या घेणारा चेंडू आपल्या मागची हवा एका बाजूला लोटतो आणि स्वतः उलट बाजूला ढकलला जातो. हे वळण मोठं असतं, पण त्याला शिस्त असते. डावीकडे वळू लागलेला चेंडू डावीकडेच वळत राहतो, आणि मुरलेल्या गोलरक्षकाला त्याचा अंदाज बांधता येतो.

जुनिन्योने ती गिरकीच काढून टाकली.

न फिरणारा चेंडू बाजूला न हलता जाईल, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. वेगात जाणाऱ्या चेंडूला लगटून वाहणारा हवेचा पातळ थर मागच्या बाजूला कुठेतरी त्याच्यापासून सुटतो आणि पाठीमागे भोवऱ्यांची शेपटी तयार होते. क्रिकेटमध्ये नवा चेंडू स्विंग होतो तो याच थरामुळे. शिवण किंचित तिरकी असली की एका बाजूचा थर लवकर सुटतो, दुसऱ्या बाजूचा उशिरा, आणि चेंडू आत किंवा बाहेर जातो. पण तिथे मधली शिवण एक असते आणि ती कशी धरायची हे गोलंदाजाच्या हातात असतं. फुटबॉलवर शिवणींचं जाळं असतं. थर सुटण्याची जागा क्षणाक्षणाला सरकते, त्यामुळे बाजूने बसणारा जोर कधी डावीकडून येतो, कधी उजवीकडून. चेंडू भराभर फिरत असेल तर गिरकीचा एकाच दिशेचा जोर या सगळ्यावर मात करतो. गिरकी नसली की ही धाकटी ओढाताणच चेंडूचा मार्ग ठरवते. फ्रान्समधल्या संशोधकांनी न फिरणारा चेंडू मारणारं यंत्र बनवून हे तपासलं आणि नागमोडी मार्गाचं मूळ या अस्थिर जोरातच असल्याचं 2016 साली मांडलं.

त्यासाठी जोर फार लागतच नाही. फुटबॉलचं वजन साधारण 430 ग्रॅम. त्याला बाजूने फक्त एक न्यूटन, म्हणजे शंभर ग्रॅमच्या वजनाइतका जोर अर्धा सेकंद लागला, तर तो जवळपास 29 सेंटीमीटर सरकतो. चेंडूचा स्वतःचा व्यास 22 सेंटीमीटर आहे. म्हणजे हात जिथे पोचला, तिथे चेंडू नाहीच!

शिवाय चेंडू खाली येतो तोही अपेक्षेपेक्षा लवकर. भिंतीवरून काढण्यासाठी चेंडूला खालून मारलं की सहसा तो उलटा फिरतो, आणि त्या गिरकीमुळे त्याला वरच्या दिशेने आधार मिळतो. गोलरक्षकाची नजर अशाच चेंडूंवर तयार झालेली असते. जुनिन्योच्या चेंडूला तो आधार नसे. आडव्या खांबावरून जाणार असं वाटणारा चेंडू त्याच्या खालून आत शिरायचा.

हे सगळं कागदावर सोपं वाटतं, पायाला अजिबात सोपं नाही. बूट आणि चेंडू यांचा स्पर्श जेमतेम 10 मिलिसेकंद टिकतो. त्या वेळात जोराची रेषा चेंडूच्या बरोबर मध्यातून गेली पाहिजे. ताशी 108 किलोमीटर वेगाने मारताना ती रेषा एक सेंटीमीटर चुकली, तर चेंडू सेकंदाला सुमारे सहा गिरक्या घेऊ लागतो आणि सगळा डाव फसतो. पूर्ण उड्डाणात गिरकी एखादीच व्हावी असं वाटत असेल, तर चूक एक-दीड मिलिमीटरच्या आत ठेवावी लागते, आणि हे धावत येऊन, समोर भिंत उभी असताना. इटलीच्या आंद्रेया पिर्लोने आत्मचरित्रात लिहिलंय की जुनिन्योचं गुपित उकलायला त्याने कितीतरी व्हिडिओ आणि फोटो पालथे घातले. शेवटी उमगलं ते असं, की पाऊल शक्य तितकं ताठ ठेवून पायाची पहिली तीन बोटंच चेंडूला लागू द्यायची.

ब्राझीलमध्ये या विद्येचा वारसा जुना आहे. मिडफिल्डर डिडीने 1957 मध्ये माराकाना मैदानावर पेरूविरुद्ध अशीच अचानक खाली येणारी फ्री किक मारून संघाला 1958 च्या विश्वचषकात पोचवलं. घोटा दुखत असल्यामुळे नेहमीसारखं मारता येईना, तेव्हा त्याने पायाची वेगळी ठेवण शोधली, असं सांगतात.

चेंडू नेमका कुठे वळेल हे जुनिन्योलाही ठाऊक असणं शक्य नव्हतं. मग 44 गोल नशिबाचे म्हणायचे का? मला तसं वाटत नाही. वेग, उंची आणि गिरकी नसणं या तीन गोष्टी त्याच्या ताब्यात होत्या. चेंडू गोलच्या चौकटीत जाईल याची सोय तो करायचा आणि उरलेलं हवेवर सोडायचा. गोलरक्षकाच्या हाती सेकंदभराचाच अवधी असे. त्यातला निम्मा अंदाज बांधण्यात जाई, आणि अंदाज बांधून झाल्यावर चेंडू सरके.

2011 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो किमान वेतनावर वास्कोकडे परतला. पाय आता पूर्वीइतके धावत नव्हते. पुनरागमनाच्या पहिल्याच सामन्यात, कोरिंथियान्सविरुद्ध, सुरुवातीलाच त्याने गोल केला, तोही फ्री किकवर.