स्नायूतलं देवमाशाचं गाणं

पोटाच्या ऑपरेशननंतर वॉर्डातली सिस्टर दोन प्रश्न हटकून विचारते: गॅस पास झाला का, आणि लघवी झाली का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर बहुतेक वेळा कारण साधं असतं. पाठीत दिलेल्या भुलेने मूत्राशयाच्या नसा काही तास बधिर होतात. मॉर्फिनसारख्या औषधांनी लघवीची जाणीवच बोथट होते. सलाइन मात्र चालूच असतं, त्यामुळे मूत्राशय गुपचूप भरत जातं. वयस्क पुरुषांत मूत्रमार्गावर दाब देणाऱ्या, वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीची भर पडते. एरवी 400-500 मिली लघवीला जोराची घाई होते. त्याहून खूप जास्त ताणलेला स्नायू पुढे आकुंचन पावायलाच कंटाळतो. म्हणून सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर लाजून गप्प बसू नये. सोनोग्राफीत किती साठलंय ते कळतं, नळी घालतात, आणि एक-दोन दिवसांत बहुतेकांची गाडी रुळावर येते.

काहींची येत नाही. विशेषतः विशी-तिशीतल्या बायका. अपेंडिक्सचं किंवा गर्भाशयाशी संबंधित छोटं ऑपरेशन होतं, आणि नळी काढली की लघवी पुन्हा बंद. लिटरभर साठलं तरी घाई नाही. प्रोस्टेट नाही, खडा नाही, मणक्याचा एमआरआय स्वच्छ. मग शेरा ठरलेला: ‘मानसिक आहे.’ तपासणीत काही सापडलं नाही की दोष बाईच्या मनावर ढकलायचा, ही वैद्यकाची जुनी खोड.

1980च्या दशकात लंडनमधल्या डॉ. क्लेअर फाउलर यांनी अशा बायकांच्या मूत्रमार्गाभोवतीच्या गोल स्नायूत बारीक सुई घालून त्याची विद्युत हालचाल टिपली. यंत्राला स्पीकर जोडलेला असतो. लघवी करताना हा स्नायू सैल पडायला हवा. इथे तो आवळलेलाच राहत होता, आणि स्पीकरमधून मंदावत जाणारा सूर येत होता, समुद्राखाली टिपलेल्या देवमाशाच्या गाण्यासारखा! या विकाराला आता फाउलर सिंड्रोम म्हणतात. यातल्या अनेकींना पीसीओएसही (अंडाशयांचा, संप्रेरकांशी निगडित विकार) असतं. नळी काढताना आतून कुणी ती धरून ठेवलीय असं वाटणं, ही त्याची ओळखीची खूण.

आवळलेल्या स्नायूकडून मज्जारज्जूला सतत संदेश जातो, ‘थांबव’, आणि मूत्राशय मुकं होतं, असा अंदाज आहे. ऑपरेशननेच हे का सुरू व्हावं, ते कोडंच आहे. मॉर्फिनसारखी अफूवर्गीय वेदनाशामकं चालू असतील, तर त्यांच्याकडे आधी बघावं लागतं. ती बंद केल्यावर काही जणींची लघवी सुटते.

उपचारात कंबरेखालच्या त्रिकास्थीतल्या नसेजवळ एक तार बसवतात आणि पेसमेकरसारख्या छोट्या यंत्रातून तिला सौम्य विद्युत झटके देतात. अनेकींना पुन्हा स्वतःहून लघवी होते. गंमत म्हणजे त्यानंतरही सुई घालून ऐकलं, तर स्नायूतला देवमासा गातच असतो. फक्त मूत्राशय आता त्याचं ऐकत नाही.