नवी माशी जाळ्यात सापडत नसते

माशीची नवी प्रजाती सापडल्याची बातमी अधूनमधून पेपरात येते आणि वाचणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. एवढी वर्षं ही माशी होती कुठं? आणि सापडली, तर तिचं करायचं काय?

दुसरा प्रश्न निदान नाशिककरांनी तरी विचारू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड-दिंडोरीकडे पॅकहाऊसच्या मागे फुटक्या, आंबलेल्या द्राक्षमण्यांचा ढीग असतोच आणि त्यावर चिलटांचा थवा. यातली नेहमीची ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर आधीच नासलेल्या फळात अंडी घालते, बागेचं फारसं बिघडवत नाही. तिचीच भाऊबंद ड्रॉसोफिला सुझुकी मात्र वेगळी. तिच्या मादीच्या अंडी घालायच्या अवयवाला करवतीसारखे दाते असतात आणि त्यांनी ती झाडावरच्या ताज्या, धडधाकट फळाची साल कापते. १९३१ मध्ये जपानमध्ये नाव मिळालेली ही माशी २००८ च्या सुमारास अमेरिका-युरोपात पोचली आणि चेरी, स्ट्रॉबेरीवाल्यांची झोप उडाली. दोघी तीन मिलिमीटरच्या आतबाहेर, दोघी पिवळसर, दोघींचे डोळे लाल. कुठली कोणती हे ओळखता आलं नाही, तर औषध फवारायचं की नाही हेही ठरवता येत नाही.

आता पहिला प्रश्न. सापडलेला किडा आधी माशी तरी आहे का, ते पाहावं लागतं. माशीला पंख दोनच. मागच्या जोडीच्या जागी टोकाला गोळा असलेले दोन बारीक दांडे असतात आणि उडताना ते तोल सांभाळतात. ‘उंबर फोडून केंबरं उडवू नयेत’ असं आपण म्हणतो, पण उंबरातून उडणारी केंबरं बहुतेक माश्या नसतातच. पंखांच्या दोन जोड्या असलेल्या त्या चिमुकल्या गांधीलमाश्या आहेत. मादी फळाच्या तोंडाशी असलेल्या बारीक भोकातून आत शिरते, आतल्या फुलांचं परागीभवन करते आणि तिथंच अंडी घालते. उंबरात जीव आपोआप पडतात, तो दैवी चमत्कार आहे, असं अजूनही सांगितलं जातं. ते खरं नाही. मांसात अळ्या आपोआप होत नाहीत, त्या माशीच्या अंड्यांतून येतात, हे फ्रान्सेस्को रेडी यांनी १६६८ मध्येच बरणीवर कापड बांधून दाखवलं होतं. पंचवटीच्या वडाच्या फळांतही असाच किड्यांचा संसार चालू असतो.

तर माशी आहे हे ठरलं. मग रंग, पट्टे, पंखांच्या शिरा, पाठीवरचे केस. कधी एवढ्यावर काम भागतं. झॅप्रिओनस इंडियानस या चिलटाच्या डोक्यापासून पाठीवर काळ्या किनारीच्या रुपेरी रेषा असतात, ते साध्या भिंगातूनही ओळखू येतं. पण कितीतरी प्रजाती बाहेरून हुबेहूब सारख्या असतात आणि त्यांची ओळख पटते ती नराच्या पोटाच्या शेवटच्या टोकाला. या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच.

१९१९ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांच्या लक्षात आलं, की प्रयोगशाळेत मेलॅनोगॅस्टर म्हणून पाळलेल्या काही माश्यांचा नेहमीच्या माश्यांशी संकर केला, की होणारी पिल्लं वांझ निघतात. म्हणजे ही वेगळीच प्रजाती! तिचं नाव त्यांनी ठेवलं ड्रॉसोफिला सिम्युलान्स. माद्या शेजारी ठेवल्या तर भलेभले चकतात. नरांच्या जननेंद्रियाच्या कमानीवर मात्र एक छोटी पाळी असते. मेलॅनोगॅस्टरमध्ये ती लहान आणि सिम्युलान्समध्ये मोठी, शिंपल्याच्या आकाराची. मॉरिशस बेटावरच्या त्यांच्या जवळच्या नातलगात तीच पाळी बोटासारखी बारीक. मीलनाच्या वेळी नर ही पाळी मादीच्या पोटाच्या खंडांमध्ये अडकवून तिला धरतो.

बाकी शरीर तसंच राहून नेमका हाच भाग एवढ्या वेगाने का बदलतो? १८४४ मध्ये फ्रान्सच्या लेओं द्युफूर यांनी कुलूप-किल्लीचा सिद्धांत मांडला: प्रत्येक प्रजातीची किल्ली वेगळी, म्हणून परक्याशी संकर होत नाही. कल्पना देखणी आहे, पण बऱ्याच किड्यांमध्ये नरांच्या किल्ल्या वेगवेगळ्या निघाल्या आणि माद्यांची कुलपं जवळपास सारखीच. १९८५ मध्ये विल्यम एबरहार्ड यांनी वेगळा विचार मांडला. मीलनानंतरही कुणाचे शुक्रजंतू वापरायचे यात मादीची निवड चालते, त्यामुळे नरांच्या अवयवांवर पिढ्यानपिढ्या दबाव राहतो आणि ते झपाट्याने बदलत जातात. २०१० मध्ये तर लेझरच्या अतिसूक्ष्म झोताने, भारतातही आढळणाऱ्या ड्रॉसोफिला बायपेक्टिनाटाच्या नरांचे जननेंद्रियावरचे काटे छाटून पाहण्यात आले. काटे गेलेल्या नरांना मीलन जमणंच अवघड झालं, पण ज्यांचं जमलं त्यांचे शुक्रजंतू पोचण्यात फरक पडला नाही. म्हणजे, निदान या माशीत तरी, काटे धरून ठेवण्यासाठी. सहज डोळ्यालाही न दिसणाऱ्या काट्यावर शस्त्रक्रिया करून त्याचं काम शोधून काढलं, हे वाचून मी थक्क झालो.

म्हणून नवी प्रजाती ठरते ती टेबलावर. नराचं पोट कापून कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवतात. स्नायू विरघळतात, कायटिन या कडक पदार्थाचा सांगाडा उरतो. तो ग्लिसरीनच्या थेंबात सुईने वळवून एपँड्रियम, सर्स्टायलस, एडीगस असा नराच्या जननेंद्रियाचा एकेक भाग रेखाटायचा आणि आजवर वर्णन झालेल्या नातलगांशी ताडून पाहायचा. जुने नमुने लंडनपासून कोलकात्यापर्यंत विखुरलेले, त्यामुळे यात वर्षं जातात. २०१२ च्या एका अभ्यासात नमुना गोळा केल्यापासून नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं गेलेली दिसली. ‘होती कुठं?’ याचं उत्तर बऱ्याचदा ‘संग्रहालयाच्या कपाटात’ असं असतं. नाहीतर घराच्या अंगणात: २०१५ मध्ये एकट्या लॉस एंजेलिस शहरातल्या परसबागांतून मेगासेलिया माश्यांच्या ३० नव्या प्रजातींचं वर्णन झालं.

‘आता डीएनए यंत्रात घातला की झालं’ असं हल्ली उत्साहाने सांगतात. २००३ पासून रूढ झालेला ६५८ अक्षरांचा डीएनए बारकोड, म्हणजे प्रजाती ओळखायला वाचतात तो डीएनएचा छोटा तुकडा, खरोखर उपयोगी आहे, ढिगातून वेगळं काय ते झटपट दाखवतो. पण मॉरिशसची ती माशी आणि काही सिम्युलान्स माश्या यांचा मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांतला, डीएनए जुन्या संकरामुळे जवळजवळ सारखा आहे आणि बारकोड तिथूनच घेतात. यंत्र त्यांना एक म्हणेल. पाळी पाहणारा माणूस म्हणणार नाही.

नाव देण्याचे नियम कडक आहेत. एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा कायमचा आधार, म्हणून ठरवायचा आणि तो कुठल्या संग्रहात ठेवणार ते छापायचं. नाव रोमन अक्षरांतच हवं, वर्णन मात्र कुठल्याही भाषेत चालतं, म्हणजे मराठीतही.

नाशिकमध्ये हे काम करायला अंजनेरीच्या डोंगरासारखी जागा नाही. तिथल्या कंदीलपुष्पाला, सेरोपेजिया अंजनेरिकाला, २००६ मध्ये नाव मिळालं. सेरोपेजियाची फुलं बारीक माश्यांना नळीत ओढून घेतात, आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे माशी अडकते, केस सुकले की परागांची पिशवी घेऊन बाहेर पडते. फूल दुर्मिळ आहे, त्याला हात लावायचा तर वनखात्याची परवानगी हवी. पण ज्यांना ती मिळते, त्यांनी नळीतली माशी झटकून टाकू नये. ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावी, आणि लेबलावर नुसतं ‘नाशिक’ न लिहिता जागा, उंची, तारीख आणि कुठल्या फुलात मिळाली तेही पेन्सिलने लिहावं. साध्या पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.